पाप, त्याचे परिणाम आणि विश्वास: मराठवाड्यातल्या विश्वासणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना कोणी प्रश्न विचारत नाही. प्रश्न निघतात बाहेर, चपला शोधताना. नाहीतर घरातल्या प्रार्थनेनंतर, चहा घेता घेता, "माझं नाही, एकाचं विचारतो" असं म्हणून. मी जालना जिल्ह्यातल्या एका छोट्या मंडळीत बरीच वर्षं संडे स्कूल आणि शास्त्राभ्यास घेतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो. घरात लग्नसंबंधानं कॅथलिक नातेवाईक आहेत, म्हणून जिथे दोन्हीकडची रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

देवानं क्षमा केली, तर पापाचे परिणाम का राहतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विश्वासाला पहिला तडाही बहुतेक वेळा इथेच जातो. माणूस रडून प्रार्थना करतो, दारू सोडतो, आणि चार महिन्यांनी डॉक्टर सांगतात की लिव्हर गेलं. मग तो म्हणतो, "क्षमा झालीच नसेल," किंवा "देवच नसेल."

आपल्याकडचं उदाहरण घ्या. उसात 2,4-डी हे तणनाशक मारलं. तोच पंप पोरानं नीट न धुता दुसऱ्या दिवशी कपाशीवर कीटकनाशक फवारायला घेतला. आठवड्यात कपाशीची पानं अरुंद, बोटांसारखी लांबट होऊन वळायला लागतात. ज्याच्या शेतात हे झालंय त्याला ते चित्र विसरता येत नाही. पोरगं बापाच्या पाया पडतं आणि बाप मनापासून माफ करतो. रात्री एका ताटात जेवतात. सकाळी रानात गेलं तरी पानं वळलेलीच. बापाची माफी खोटी होती का? नाही. नातं बापाकडून दुरुस्त झालं, पण कपाशीला ते कळत नाही.

पवित्र शास्त्रात याचं सगळ्यात लांब चित्र याकोबाच्या आयुष्यात आहे. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या काळात ख्रिस्ती कुटुंबांसाठी गाव वसवलं आणि त्याला बेथेल नाव दिलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. हे नाव आपण इतक्या सहज घेतो की ते कुठून आलं हे विसरतो. याकोबानं आंधळ्या बापाला फसवलं, हातांना करडाचं कातडं गुंडाळून थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटला, आणि भाऊ जिवावर उठला म्हणून घर सोडून पळाला. त्या पळण्यात, दगड उशाला घेऊन झोपलेला असताना, देव त्याला भेटला. त्या जागेचं नाव त्यानं बेथेल ठेवलं. देव भेटला तेव्हा याकोब तीर्थयात्रेला निघालेला नव्हता, केलेल्या पापापासून पळत होता. देवानं तिथे त्याला "आधी हिशेब दे" असं म्हटलं नाही. "मी तुझ्याबरोबर आहे" असं म्हटलं.

पण पुढचं वाचा. आईनं "थोडे दिवस जा" म्हणून पाठवलं होतं. मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याची नोंद उत्पत्तीत कुठेही नाही. मामा लाबानाकडे वीस वर्षं राबला. ज्यानं आंधळ्या बापाला फसवलं त्याला लग्नाच्या रात्री अंधारात राहेलऐवजी लेआ दिली गेली, आणि वर सासऱ्यानं ऐकवलं की आमच्यात थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत. थोरल्याला डावलून आलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं! म्हातारपणी त्याच्याच पोरांनी बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा आणून त्याला फसवलं. करडाच्या कातड्यानं सुरू झालेली गोष्ट बकऱ्याच्या रक्तापर्यंत आली. या सगळ्या वर्षांत देवानं बेथेलचं वचन एकदाही मागे घेतलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात खऱ्या होत्या.

मग परिणाम आणि शिक्षा यात फरक काय?

शिक्षा न्यायाधीश देतो. परिणाम पेरलेल्यातून उगवतो. ख्रिस्ती विश्वास सांगतो की पापाची शिक्षा ख्रिस्तानं वधस्तंभावर घेतली. "माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल" हे गलतीकरांस पत्रातलं वाक्य मात्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेलं आहे, बाहेरच्यांना नाही. तिसरीही एक गोष्ट आहे, शिस्त. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात बाप लेकराला लावतो ती. ती कधी कुठल्या परिणामातून येते हे बाहेरून कोणी सांगू नये. स्वतःबद्दल ज्याचं त्याला कळतं, तेही बहुतेक वेळा उशिरा.

'विश्वास राखा' म्हणतात. म्हणजे नेमकं काय राखायचं?

पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी दोन गोष्टी एकत्र येतात: विश्वास आणि चांगला विवेकभाव. पौल म्हणतो, काहींनी विवेकभाव झुगारून दिला आणि त्यांच्या विश्वासाचं तारू फुटलं. क्रम बघा. आधी विश्वास गेला आणि मग माणूस बिघडला, असं तो म्हणत नाही. आधी मनाचा आवाज दाबला, मग विश्वास बुडाला.

आपल्याला समुद्र नाही, पण मातीचा बांध आहे. बांध वरून फुटतो तेव्हा सगळे बघायला येतात. खालून उंदरानं पोखरलेलं कोणी बघत नाही. माझ्या ओळखीतले जे लोक विश्वासापासून दूर गेले, त्यांतले थोडे पुस्तकं वाचून, वाद करून गेले. जास्त लोक एक गोष्ट लपवत गेले. लपवण्यासाठी प्रार्थना कमी झाली, कारण प्रार्थनेला बसलं की तीच गोष्ट समोर येते. प्रार्थना कमी झाली तसा देव लांबचा वाटायला लागला. शेवटी "हे सगळं खरं असेल कशावरून?" हा प्रश्न आला तेव्हा त्यांना तो बुद्धीचा प्रश्न वाटला.

हे उलटं मात्र वापरू नका. शंका घेणाऱ्या प्रत्येक पोराला "तुझ्यात काहीतरी पाप असणार" असं म्हणणारे वडीलजन मी पाहिलेत. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला उत्क्रांतीबद्दल प्रश्न पडला तर तिला उत्तर द्या किंवा "मला माहीत नाही" म्हणा. तिच्या चारित्र्याची चौकशी करू नका.

कोणती पापं विश्वासाला जास्त धोक्याची?

जी आपण मोजतच नाही ती. आमच्या मंडळ्यांत यादी ठरलेली आहे: दारू, तंबाखू, सिनेमा. यादीत हुंडा नाही. यादीत सालगड्याचे अडकवलेले पैसे नाहीत. "तुमचं मूळ कोणतं?" असं विचारून सोयरीक मोडणं यादीत नाही, आणि ते विचारणारे प्रभुभोजनाला पहिल्या रांगेत असतात. दारू पिणाऱ्याला निदान आपण पितो हे माहीत असतं. इब्री लोकांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पापाच्या फसवणुकीनं मन कठीण होण्याचा इशारा आहे. कठीण झालेल्या मनाला दुखत नाही, म्हणून त्याला आपण बरे आहोत असंच वाटतं.

हातून मोठं पाप झालंय. चर्चला यायची लाज वाटते. थोडे दिवस थांबू का?

थांबू नका. या पानावरचं दुसरं काही वाचलं नाही तरी एवढं वाचा.

एकाच रात्री दोन शिष्य पडले. यहूदानं गुरूला तीस रुप्यांना विकलं, पेत्रानं तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदानं तर पैसेसुद्धा परत नेऊन टाकले, म्हणजे आजच्या भाषेत भरपाई करायलाही तो तयार होता. पण तो एकटा गेला आणि एकटाच संपला. पेत्र बाहेर जाऊन रडला आणि परत बाकीच्यांत येऊन बसला. रविवारी सकाळी कबर रिकामी असल्याची बातमी आली तेव्हा तो सापडण्यासारख्या ठिकाणी होता. दोघांत फरक पडला तो या जागेचा.

पेत्र पडण्याआधीच येशूनं त्याला सांगितलं होतं की सैतान तुम्हाला गव्हासारखं चाळायला बघतोय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. "तू पडू नयेस म्हणून" असं तो म्हणाला नाही. पेत्र पडला, तरी त्याच्यासाठी केलेली विनंती वाया गेली नाही. पुढे तिबिर्या समुद्राच्या काठावर कोळशाचा विस्तव पेटवून येशू त्याची वाट बघत होता. पेत्रानं नाकारलं तेही कोळशाच्या विस्तवाजवळ उभं राहूनच. योहान दोन्ही ठिकाणी तो विस्तव आवर्जून सांगतो.

आता प्रभुभोजनाचं. "अयोग्य रीतीनं घेतलं तर दंड" या भीतीनं अनेक लोक वर्षानुवर्षं मागच्या बाकावरून उठून जातात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी असं आहे. आपण पहिला अर्धा भाग वाचतो आणि थांबतो. परीक्षा करायची ती खाण्यासाठी. करिंथातलं 'अयोग्य' वागणं काय होतं हेही तिथेच लिहिलंय: श्रीमंत आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे.

कॅथलिक घरातल्यांसाठी रीत थोडी वेगळी आहे. गंभीर पाप जाणूनबुजून केलं असेल तर ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी पापनिवेदन करावं असं त्यांचा धर्मनियम सांगतो. पण मिस्साला जाणं थांबवा असं तो सांगत नाही.

पाप कबूल करायचं कोणाजवळ? देवाजवळ केलं की पुरे ना?

योहानाच्या पहिल्या पत्रात मराठी शास्त्राचे शब्द असे आहेत: "जर आपण आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे." पदरी घेणं! माझी आजी बाजारातून आणलेलं सगळं पदरात घ्यायची, गाठ मारायची. पदरात घेतलेली वस्तू आपली असते, ती दुसऱ्याची म्हणता येत नाही. "मित्रांनी पाजली", "परिस्थितीच तशी होती", "तिनंच डिवचलं" हे सगळं पदर झटकणं झालं. हा एक शब्द मराठीत इतका नेमका बसलाय की त्यावर वेगळं प्रवचन लागत नाही.

देवाजवळ कबूल केलं की क्षमा आहे, यात प्रोटेस्टंट मंडळ्यांना शंका नाही. रविवारच्या उपासनेत सगळे मिळून पापांगीकार करतो तो त्यासाठीच. पण नव्या करारातलं याकोबाचं पत्र (वर आलेला याकोब नव्हे) शेवटच्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करायलाही सांगतं, आणि ते का हे अनुभवानं कळतं. फक्त देवाला सांगितलेलं पाप आपण सोमवारी पुन्हा लपवू शकतो. एका माणसाला सांगितलं की लपायची जागा एक तरी कमी होते. कॅथलिकांत फादर ऐकतात आणि ऐकलेलं कोणालाही, कोर्टालाही सांगायची त्यांना मुभा नसते. आपल्याकडे तसा नियम नाही, म्हणून माणूस निवडताना काळजी घ्या. गाव लहान असतं. जो दुसऱ्यांच्या गोष्टी "प्रार्थनेसाठी" म्हणून तुम्हाला सांगतो, तो तुमचीही दुसऱ्यांना सांगणार. आणि साक्ष द्यायला उभे राहाल तेव्हा स्वतःचं पाप सांगा, बायकोचं नाही.

बचत गटाचे पैसे वापरले. देवाची क्षमा मागितली आहे. आता परत करायलाच हवेत का?

हो.

जकातदार जक्कयानं येशू घरी आल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. तारण त्या घरात आलं म्हणून त्यानं पैसे परत केले, तारण विकत घ्यायला नव्हे. एकदम जमत नसेल तर गटाच्या बैठकीत उभं राहून सांगा आणि हप्ते ठरवून घ्या. लाज वाटेल. चार बायका बोलतील. पण त्या लाजेतून गेलेल्या एका ताईंनी मला सांगितलं की पहिला हप्ता भरल्या रात्री त्यांना झोप लागली, तशी वर्षभरात लागली नव्हती.

दुष्काळ पडतो, भूकंप होतो, पोरगं आजारी पडतं. हे आमच्या पापामुळे का?

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक थकून झोपलेले, आणि किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मातीची, दगडाची घरं अंगावर आली. हजारो माणसं गेली. त्यानंतर कोण कोण काय काय बोललं ते आमच्या पिढीनं ऐकलंय, काही ख्रिस्ती प्रचारकांकडूनसुद्धा. ते चूक होतं.

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती गोष्ट येशूनं स्वतःच काढली. त्यानं सरळ विचारलं, यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं: नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, कोणी पाप केलं, यानं की याच्या आईबापानं? तिथेही उत्तर नाहीच. किल्लारीत माणसं दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदं कोसळून त्यांच्याखाली गेली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यामागे पावसाची तूट होती आणि पाण्याचं आपलं नियोजनही. त्यात माणसांच्या लोभाचा भाग नक्की आहे, तो शोधा. पण टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला तिचं पाप विचारू नका.

मग हे कर्मफळासारखंच झालं की.

वरून तसं दिसतं, आणि शेजाऱ्यांशी बोलताना हा शब्द येतोच. त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. फरक दोन ठिकाणी आहे. ख्रिस्ती विश्वासात मागचा जन्म नाही, त्यामुळे जन्मतः अपंग मुलाकडे बघून "भोग" म्हणायला जागाच उरत नाही. दुसरं, इथे हिशेब एका व्यक्तीजवळ आहे, आणि ती तो फाडू शकते. "पापाचे वेतन मरण आहे" असं रोमकरांस पत्रात आहे, पण त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात जीवनाला वेतन म्हटलेलं नाही, कृपादान म्हटलंय. मजुरी आणि देणगी यातला फरक मजुरी करणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

आम्ही ऊसतोडीला जातो. पाच-सहा महिने चर्च नाही, पाळक नाही. तिथे विश्वास कसा राखायचा?

बीडकडचे, आमच्या भागातले विश्वासणारे दर वर्षी हे विचारतात, आणि शहरातल्या पाळकांजवळ याचं उत्तर नसतं, कारण त्यांनी कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, आतून पाहिलेली नसते. दिवाळीच्या आसपास निघायचं, मार्च-एप्रिलात परतायचं. पहाटे अंधारात फड गाठायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, ती कधी येईल याचा भरवसा नाही. अशा माणसाला "रोज सकाळी एक तास शांत वेळ घ्या" असं सांगणं ही थट्टा आहे.

मला फडावर जाऊन आलेल्या लोकांनीच जे सांगितलं ते पुढे देतो. टोळीत दुसरं विश्वासणारं कुटुंब असेल तर कोप्या शेजारी घाला. रविवार जमला नाही तर कारखाना बंद असेल तो दिवस धरा. मोठी प्रार्थना नको. जेवायला बसताना प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायची, लेकरांसकट. एक स्तोत्र पाठ करून जा, एकावन्नावं किंवा एकशेतिसावं. मोबाइलवर मराठी शास्त्र ऐकता येतं, रेंज नसेल म्हणून निघण्याआधीच उतरवून घ्या. मंडळीतल्या एकानं दर आठवड्याला फोन करायचा, हे निघण्याआधी नाव घेऊन ठरवा. "करू फोन" असं सोडलं की कोणी करत नाही.

फडावर घसरायच्या जागा माहीत आहेत: दमल्या अंगाला दारू, पत्ते, परक्या ठिकाणी कोणी बघत नाही ही मोकळीक. तुम्हाला उचल कशी चालते ते माहीत आहे. मुकादम पैसे आधी हातात ठेवतो, घरात लग्न होतं, पत्रे येतात, सगळं बरं चाललंय असं वाटतं. मग हंगामभर कोयता चालवायचा, आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे. पापाचा व्यवहार असाच आहे. देवाचा उलटा: त्याच्याकडे फेड आधी झालेली आहे, काम नंतर सुरू होतं.

आणि एक. उचलीत अडकवून ठेवणं, बाईला आजारपणात खाडा लावून पैसे कापणं हे ज्यानं केलं त्याचं पाप आहे. तुमच्या विश्वासाच्या कमतरतेचा तो परिणाम नाही.

आमच्या घराण्याला शाप आहे असं एका प्रार्थनेच्या भाऊंनी सांगितलं. तो मोडायला उपास आणि अर्पण लागेल म्हणाले.

अर्पण देऊ नका.

निर्गमात वडिलांच्या अन्यायाबद्दल पुढच्या पिढ्यांचं नाव येतं, हे खरं. पण यहेज्केलाचा अठरावा अध्याय मुद्दाम त्याच गैरसमजावर लिहिलाय. लोक म्हण वापरत होते की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. देव म्हणतो, ही म्हण आता बंद. जो पाप करील तोच मरेल. परिणाम मात्र वारशानं येतात: बापाचं कर्ज, बापाची दारू बघून लागलेली सवय, घरातला ओरडा. त्यावर इलाज आहे, पण तो पाकिटात घालून द्यायचा नसतो.

नवरा मारतो, मग रडून माफी मागतो. पाळक म्हणाले क्षमा कर आणि नांदायला जा. नाही गेले तर मी पापी ठरेन का?

नाही, ताई. क्षमा करणं म्हणजे मनात सूड न ठेवणं. मार खायला परत जाणं नव्हे. त्याच्या पापाचे परिणाम त्याला भोगू देणं यातच त्याच्या पश्चात्तापाची संधी आहे. ते परिणाम तुम्ही अंगावर घेत राहिलात तर तो कधी बदलायचा? 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला 112. ज्यांनी नांदायला जा सांगितलं त्यांना हे पान दाखवायला हरकत नाही.

तेच पाप पुन्हा पुन्हा होतं. माझा विश्वास खोटा आहे का?

खोट्या विश्वासाला हा प्रश्न पडत नाही. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात "मला जे करायचं नाही तेच मी करतो" म्हणणारा आवाज आहेच. पण त्याचं पांघरूण करू नका. दारूचं व्यसन हा आजारही आहे. अंग थरथरत असताना नुसती हात ठेवून प्रार्थना पुरत नाही, एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरकडे जा, व्यसनमुक्ती केंद्रात जा, आणि प्रार्थनाही करा. मोबाइलचं असेल तर रात्री तो दुसऱ्या खोलीत ठेवा. हास्यास्पद वाटतं, पण येशूनं डोळा उपटून टाक म्हटलं त्यापेक्षा हे सोपं आहे.

मला क्षमा नाहीच असा विचार जात नाही. पवित्र आत्म्याविरुद्ध पाप झालं असेल का?

ज्यांच्याबद्दल येशूनं ते म्हटलं, त्यांना काळजी वाटत नव्हती. ते त्याचं चांगलं काम डोळ्यांनी बघून त्याला सैतानाचं म्हणत होते. ज्याला या पापाची भीती वाटते त्यानं ते केलेलं नाही, असं जुने जाणते पाळक सांगत आलेत आणि मला ते पटतं.

पण तोच विचार दिवसरात्र फिरत असेल, झोप-जेवण तुटलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर हा उपदेशाचा विषय राहिला नाही. 14416 वर टेली-मानसची मोफत मदत मिळते, मराठीत बोलता येतं. आजच फोन करा, आणि घरात एकाला तरी सांगा. ज्यांच्या घरातलं माणूस असं गेलंय त्यांना एवढंच: कॅथलिक मंडळीच्या शिकवणीतही स्पष्ट लिहिलंय की मानसिक त्रासानं जबाबदारी कमी होते आणि अशा माणसाच्या तारणाबद्दल निराश होऊ नये. त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करा, दबक्या आवाजात नको.

विश्वास कायमचा जाऊ शकतो का?

यावर ख्रिस्ती लोकांचं एकमत नाही, हे आधीच सांगतो. 1618-19 च्या डॉर्टच्या परिषदेची (प्रेस्बिटेरियन वगैरे मंडळ्यांची) परंपरा म्हणते, देवानं धरलेला शेवटी सुटत नाही. वेस्लीची (मेथॉडिस्ट) परंपरा म्हणते, सुटू शकतो, म्हणून जागे राहा. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं 1547 मध्ये तिसरंच सांगितलं: गंभीर पापानं कृपा जाते, पण विश्वास जाईलच असं नाही. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा यातल्या पहिल्या दोन्ही परंपरांचे लोक एका बाकावर येऊन बसले, आणि बाक मोडलं नाही.

जुन्या मंडळीपुढे हा प्रश्न कागदावरचा नव्हता. रोमन सम्राट देकियानं 250 च्या सुमारास सगळ्यांना देवतांना अर्पण करून दाखला घ्यायला लावला. अनेक ख्रिस्ती लोकांनी घेतला. छळ थांबल्यावर ते रडत परत आले. रोममधला पाळक नोवात्यान म्हणाला, त्यांना परत घ्यायचं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन सुरुवातीला कडक होता, पण मंडळीनं शेवटी ठरवलं की पश्चात्तापाचा काळ घालवून त्यांना परत घ्यायचं. गावच्या दबावानं, भावकीच्या भीतीनं "आम्ही ख्रिस्ती नाही" असं कधी म्हटलेलं ज्यांच्या मनाला खातं, त्यांनी सिप्रियनची ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ज्या पाळकांनी मला बाप्तिस्मा दिला तेच पापात पडले. माझ्या बाप्तिस्म्याचं काय?

हाही प्रश्न जुनाच. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातपंथी म्हणत होते की छळात पडलेल्या बिशपाच्या हातचा संस्कार फुकट. हिप्पोचा ऑगस्टीन म्हणाला, संस्कार देणारा ख्रिस्त आहे, हात कोणाचे का असेनात. मंडळीनं ऑगस्टीनचं ऐकलं.

पाळकांच्या पापाचं काय करायचं ते वेगळं. पैशाचं असेल तर हिशेब मागा, कमिटीपुढे लेखी मागा. लेकराच्या अंगाला हात लावला असेल तर बिशपांची वाट बघू नका, पोलिसांत जा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानं अशी गोष्ट माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. "मंडळीचं नाव खराब होईल" असं जो म्हणेल त्याला विचारा, कोणाच्या पापाचा परिणाम कोणी सोसायचा.

तुमचा बाप्तिस्मा आहे तसा आहे. पुन्हा घ्यायची गरज नाही.